जोहे ते रोहा: पिकअपखालचा आवाज आणि चार गणपती

घरामागच्या विहिरीवरचा लोखंडी रहाट. जिन्याचं ग्रिल. जुन्या फ्रीजच्या जाळीपासून केलेला, उन्हावर पाणी तापवणारा बंब. पिकअपच्या हौद्यातला दोन मजली सांगाडा, ज्यात मूर्ती उभ्याने जातात. आणि त्याच पिकअपच्या पोटाखाली स्टेपनी टांगायचा पाळणा, कारण कंपनीचा गंजून गळून पडला होता. हे सगळं मी माझ्या हातांनी केलं आहे. आयटीआयची पायरी कधी चढलो नाही. वेल्डिंग बघून बघून शिकलो, गाडी खोलून खोलून. या ब्लॉगवर आजवर असल्याच गोष्टी ऐटीत सांगत आलो. आजचा लेख एका दिवसाच्या प्रवासाचा आहे आणि लिहिताना कान गरम होताहेत.

गणपतीला दीड-दोन महिने असतील. जोह्याच्या सुमनताईंचा फोन आला, "दादा, रोह्याला माल न्यायचाय. आणि माझा हाय बरं का, कारखानदाराचा नाय."

आमच्या पेणजवळ हमरापूर-जोह्याला घराघरात मूर्तींचे कारखाने आहेत. सुमनताईंनी वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या कारखान्यात बसून मूर्तींचे डोळे रेखले. या साली पडवीत स्वतःचं काम सुरू केलं, सगळं शाडूचं. रोह्याच्या एका दुकानदाराने पहिली खेप मागवली होती. ती धड पोहोचली तर उरलेल्या सीझनची ऑर्डर त्यांची, असा शब्द होता.

पहाटे माल भरला. शाडू म्हणजे शेवटी वाळलेली मातीच, धक्का सोसत नाही. म्हणून ताईंनी प्रत्येक मूर्तीच्या बगलेत, सोंडेखाली, हाताखाली पेंढा बोटांनी दाबून दाबून बसवला. मी दोनदा घड्याळ बघितलं. "दादा, लगीनघाई नको," म्हणाल्या. वर ताडपत्री टाकली, दोर आवळला आणि निघालो.

तुम्ही जाणार असाल तर सांगतो: जोह्यातून बाहेर पडणारा रस्ता भातखाचरांमधून जातो, अरुंद आहे. समोरून एसटी आली तर मागे घ्यायची तयारी ठेवा. डिझेल पेणलाच भरा. न्याहारीला वडखळ बरं. आम्ही दोन वडापाव आणि दोन चहा घेतले, साठ रुपये झाले. वडापावातली मिरची तिथे तळून देतात, मीठ लावून. पुढे नागोठण्यापर्यंत हायवे, काही ठिकाणी गुळगुळीत, काही ठिकाणी देवाच्या भरवशावर.

वडखळ सोडलं आणि गाडीखालून आवाज सुरू झाला. टक्. मग टक्-टक्. मग बराच वेळ काही नाही.

"काय वाजतंय?" ताई म्हणाल्या.

"तेच ऐकतोय."

"गाडी म्हातारी झाली."

ते मला लागलं. माझ्या गाडीत काय वाजतं हे मला कळत नाही, असं मी कुणाला म्हणू देत नाही. आवाज पकडायची माझी पद्धत इथे लिहितो, जुनी गाडी बाळगणाऱ्यांना उपयोगी पडेल. गिअर बदलताना आला तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस बघा. वळणावर आला तर चाकाचं बेअरिंग. ब्रेक दाबल्यावर बदलला तर मागचे लायनर. आणि फक्त खड्ड्यात आला तर पाटे, शॉकअप किंवा खाली लोंबणारं काहीतरी. नागोठण्यापर्यंत मी गिअर बदलून पाहिले, ब्रेक मारून पाहिले. शिल्लक राहिला खड्डा.

नागोठण्याहून रोह्याला वळलं की रस्ता मोकळा मिळतो. एका गावाच्या वेशीवर उंच गतिरोधक होता. मी तो सावकाश ओलांडला. टक्. मागे घेतली, जरा वेगात ओलांडला. टक्-टक्.

"दादा, माल उतरला की बघा ना."

"माल उतरला की वजन जातं. मग आवाज येत नाही." हे खरंच आहे. पद्धत म्हणून बरोबरच होतं.

"मग मी उतरते. तुमी खेळा."

त्या उतरून कडेला उभ्या राहिल्या. तिसऱ्या वेळी मी वेग आणखी वाढवला आणि गतिरोधकावरच ब्रेक दाबला. मागचा भाग उसळून आपटला. खिडकीतून डोकं काढून मी विचारलं, "कुठून आला? डावीकडून की मधून?"

"माझ्या पोटातून आला," ताई म्हणाल्या.

मी हसलो. गोणपाट टाकून गाडीखाली शिरलो आणि तिथेच मला तो सापडला. स्टेपनीच्या पाळण्याचा नट ढिला होऊन चाक चासीला ठोकत होतं. माझाच पाळणा. गाडीला काडीचा धोका नव्हता. रोह्यापर्यंत काय, गोव्यापर्यंत ठोकत गेलं असतं. डबल नट मारून आवळला आणि चिखल झटकत बाहेर आलो, जसा काही गड जिंकला.

"मागं एकदा बघू का?" ताईंनी विचारलं.

"सांगाडा माझा आहे. हलायचा नाही."

भिसे खिंडीत वळणं आहेत, पावसाळी धुकं असतं, हॉर्न देत जा. गाडीखालून एकही टक् आला नाही. मी दोनदा म्हणालो, "बघा, कशी चालली!" ताई काचेबाहेर बघत होत्या.

रोह्याला दुकानदारांनी चहा मागवला. माणसं ताडपत्री सोडत होती तोवर मी त्यांना त्या आवाजाची अख्खी कथा सांगितली, गतिरोधक तेवढा गाळून. "मिस्त्री, तुमच्यासारखा गाडी जपणारा माणूस पायजे," ते म्हणाले. तेवढ्यात मागून कुणीतरी बोललं, "अरे अरे अरे."

सांगाडा खरंच हलला नव्हता. त्याच्या आत चार गणपती भंगले होते. एकाची सोंड, दोघांचे हात, एकाचा मुकुट.

"जोडून देते, रंग लावून," ताई म्हणाल्या.

"जोडलेली मूर्ती मी गिऱ्हाइकाच्या पाटावर देत नाय, बाई. पेंढा कमी घातलाय तुम्ही. नवीन हाय ना, व्हतं असं. पुढच्या मालाचं बघू."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी दोराची गाठ बघत राहिलो. माझीच गाठ, मला पाठ असलेली.

परतताना खिंडीच्या पायथ्याशी त्या बोलल्या. "पेंढा मी बोटांनी भरला व्हता, दादा."

"माझं चुकलं."

"मला काय सांगताय? तिथं जीभ नव्हती तुमाला?"

मी गाडी वळवली. त्या गाडीतच बसून राहिल्या. दुकानात जाऊन मी सगळं सांगितलं: तीन वेळा, मुद्दाम, शेवटी ब्रेक दाबून. दुकानदार हसले. "बाईंसाठी अंगावर घेताय. चांगला माणूस हाय तुम्ही. पण आवाज शोधायला गणपती कोण आपटतो? तुम्ही तसले नाय."

तसलाच आहे, असं मी म्हणालो. त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. मघाशी चहा पिताना मीच त्यांना पटवून दिलं होतं की मी कसा आहे.

जोह्याला पोहोचलो तेव्हा ताईंनी भाडं पुढे केलं, मी हात मागे घेतला, त्यांनी ते गाडीच्या सीटवर ठेवलं. भंगलेले चौघे उतरवून पडवीत नेले. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर माती बादलीत भिजत घातलेली होती. शाडू पुन्हा मळता येतो. रेखलेले डोळे मात्र पाण्यात सुटून गेले होते. "बसा," म्हणाल्या नाहीत. रोह्याची ऑर्डर आली नाही. एवढ्या उशिरा दुसरा दुकानदार कुठून मिळणार?

आता गाडीत कसलाच आवाज नाही. रिकामी असो की भरलेली, मी गतिरोधकावर इतका हळू होतो की मागचे हॉर्न वाजवतात.

गेल्या आठवड्यात रोह्याच्या दुकानदारांचा फोन आला होता. मूर्ती त्यांनी दुसऱ्या मोठ्या कारखान्यातून ठरवल्या आहेत, पण आणायला माणूस हवा तर माझ्यासारखाच. सीझनभराच्या सगळ्या फेऱ्या माझ्या, डिझेल त्यांचं. मी नको म्हणालो. ते पुन्हा आकडा बोलले, मला ऐकू आला नसेल असं वाटून: चाळीस हजार रुपये.