मुलाच्या फोनचं वायफाय

"हे नाव मिटवू का, आजी?" वाडीहून आलेल्या दुरुस्तीवाल्यानं विचारलं. लॅपटॉपच्या वायफायच्या यादीत माझ्या मेलेल्या मुलाच्या फोनचं नाव होतं.

"काहून?"

"वायफायचा ड्रायव्हर, म्हंजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, नवं बसवलं, तरी हा त्याच फोनले शोधून राहिला. घरचं वायफाय धरतच नाही."

सून नातीला घेऊन पुण्याला गेली. नात मला लॅपटॉपवरच दिसते. तरीही मी हो म्हटलं नाही.

त्यानं चष्मा वर सरकवला. पुटपुटत, दोन बोटांनी काळ्या स्क्रीनवर ओळी टाइप केल्या.

"मिटवलं नाही. घरचं पुढं घेतलं, याले मागं ठेवलं. शोधू द्या त्याले."

नात दिसली. बापासारखीच हसते.

त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही. मुलगा बुटीबोरीच्या रस्त्यावर अपघातात गेला. मी त्याची आई, अजून आहे.