सासऱ्यांचा खोकला आणि माझा साडू

माझ्या साडूइतका संशयी माणूस अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात नाही, आणि त्याच्याइतका भोळाही नाही. त्याच्या घराचं दार एकदा उघडलं की कोणाला आठवण झाली तरच लागतं. दूधवाला थेट स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यात दूध ओततो, वर झाकण ठेवतो आणि निघून जातो. एकदा शेजारची बकरी बैठकीत शिरून चार्जरची वायर चघळत बसली होती आणि हा तिच्या शेजारी बसून काम करत होता. नंतर म्हणाला, मला वाटलं कोणी पाहुणे आलेत. स्कूटरची किल्ली कायम स्कूटरलाच लटकलेली. पण कॉम्प्युटर? त्याला कुलूप, त्या कुलपाच्या किल्लीला आणखी एक कुलूप, आणि तिचा पासवर्ड एवढा लांबलचक की तो टाकेपर्यंत पुढ्यातला चहा निवून जातो. "आरे, तुन्हा कॉम्प्युटरमा शे तरी काय?" मी एकदा वैतागून विचारलं. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "काहीच नही. पन ते कोनले समजाले नको."

हा नेमकं काय काम करतो हे समजून घेण्यात माझी बरीच वर्षं गेली. मी पडलो मराठीचा मास्तर. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी मूळ व्यवस्था, एवढं आता मला पाठ झालं आहे. तिच्या अगदी तळाशी, जिथे चित्र नाही, बटण नाही, काहीच नाही, तिथे माहितीला कुलपं लावणारा कोड असतो, आणि हा त्या कोडवर काम करतो. ती सिस्टिम फुकट आणि सगळ्यांना खुली. जगभरची याच्यासारखी माणसं एकमेकांच्या चुका काढत ती लिहीत असतात. पुण्यातली नोकरी घरी बसूनही करता येते हे कळल्यावर हा गावाकडे परतला आणि गावाने त्याला 'कॉम्प्युटरवाला' म्हणून ताब्यात घेतलं. मिरचीचे व्यापारी बंद पडलेले कॅमेरे घेऊन येतात, सरपंच प्रिंटर घेऊन येतात, समोरच्या काकू मिक्सर घेऊन येतात. "मन्हं काम याना बी खालतं शे," असं हा समजावून सांगतो, तेव्हा लोक वाकून टेबलाखाली बघतात.

बिघडलेली वस्तू दुरुस्त करण्यात त्याला फारसा रस नाही. ती पुन्हा बिघडवण्यात आहे. त्याची स्कूटर एकदा विसरवाडीच्या अलीकडे बंद पडली. मेकॅनिकने दोन लाथा मारून चालू करून दिली, तर हा खूश व्हायचं सोडून सुतकी चेहरा करून घरी आला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला, तेवढंच पेट्रोल घालून, मागे मला बसवून (आदल्या दिवशी मागे गव्हाचं पोतं होतं, आणि वजन साधारण तेवढंच भरेल असं त्याचं मत पडलं) त्याने मला त्याच रस्त्याने, त्याच खड्ड्यांतून नेलं. स्कूटर नेमकी तिथेच बंद पडली, आणि ट्रकांनी उडवलेल्या धुळीत, भर रस्त्यात या माणसाने मला मिठी मारली. "पडनी, साडभाऊ! बंद पडनी!" माझ्या मेहुणीचं एकदा पोट दुखलं, तर ती बरी झाल्यावर याने तिला तीच भाजी, तेवढीच, पुन्हा खाऊन बघायला सांगितलं होतं. पुढे काय झालं ते ती सांगत नाही, पण त्यानंतर बरेच दिवस भाजी यानेच केली. तोरणमाळला नेलं, तर सगळे तळं बघत असताना हा तळ्याकडे पाठ करून आडवा. "इथं रेंज नही, म्हंजे कोनी काही बिघाडू शकत नही," म्हणाला आणि घोरायला लागला.

गेल्या वर्षी आमचे सासरे गेले. स्वतःच्या गोष्टी मोबाइलवर रेकॉर्ड करायचा नाद त्यांना या साडूनेच लावला होता. तो मोबाइल पुढे गुरांच्या हौदात पडला, पण त्याआधी साडूने सगळ्या गोष्टी आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतल्या होत्या आणि अर्थातच कुलपात घातल्या होत्या. कुलूपही साधं नाही. याने स्वतः लिहिलेलं, अगदी नवं, आधीच्यापेक्षा चपळ. जुन्या सिस्टिममध्ये ते उघडतच नाही. नव्या सिस्टिममध्ये काय होतं, ते आम्हाला आखाजीच्या दिवशी कळलं.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, हे खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, आणि गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात. मग निखाऱ्यावर तूप आणि पहिला घास टाकून पितरांना जेवू घालायचं. ती आगारी. आगारी झाल्याशिवाय घरात कोणी तोंडात काही टाकत नाही. सासऱ्यांच्या नावाची ही पहिलीच घागर. खापरावरचे मांडे झाले, आमरस झाला, निखारे फुलले, आणि सासूबाई म्हणाल्या, "आधी त्यास्ना आवाज ऐकसू. मंग आगारी."

गोष्ट होती सासरे मुलगी बघायला गेले होते त्या दिवसाची, म्हणजे सासूबाईंनाच बघायला. ती त्यांच्याही कानावर कधी पडली नव्हती. सगळे लॅपटॉपभोवती बसलो. सासऱ्यांचा आवाज आला तशी माझ्या बायकोने पदर डोळ्यांना लावला. "समदा बठेल व्हतात," सासरे सांगत होते. "ती दारमा उभी व्हती. मंग मी तिले इचारं..." इथे सासरे खोकले आणि लॅपटॉप मेला. नुसती गोष्ट थांबली असं नाही. पडद्यावर पांढरी अक्षरं भराभर धावली आणि सगळंच ठप्प झालं. वरच्या प्रोग्रामची चूक असेल तर तो एकटा बंद पडतो. चूक तळाशी असेल तर सगळा डोलारा खाली येतो.

"काय इचारं?" दोघी लेकी एकदम ओरडल्या. सासूबाई "परत लावा," एवढंच म्हणाल्या. साडूच्या चेहऱ्यावर मात्र मला तेच जुनं तेज दिसलं, विसरवाडीच्या रस्त्यावरचं. परत लावलं, सासरे परत खोकले, लॅपटॉप परत मेला. मधे दुसऱ्या गोष्टीही लावून पाहिल्या. असं होता होता शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "जवाईबुवा, त्या खोकलनात का तुमनं डबडं मरस. बैलनी गोष्ट पुरी व्हस, इहिरनी गोष्ट पुरी व्हस. हाईच मरस, आन शेवटलेच मरस."

साडू हात जोडून म्हणाला, "मामी, आसा रिपोर्ट तं मले कंपनीमा बी कोनी देत नही!" आणि लॅपटॉप घेऊन निंबाखाली जाऊन बसला.

ऊन चढलं. नाकात मांड्यांचा वास, पोटात कावळे. अख्ख्या घराचं जेवण एका कोडच्या चुकीपाशी अडकून पडलं होतं. शेजारचे येऊन बघून गेले. कोणी म्हणालं, गरम झालं असेल, फ्रिजमध्ये ठेवा. कोणी नारळ फोडायला सांगितलं. मी सुचवलं की सासऱ्यांनी काय विचारलं असेल ते आपण सगळ्यांनी मिळून ठरवून टाकू आणि जेवायला बसू. त्यावर बायकोने माझ्याकडे असं काही पाहिलं की मी मुकाट्याने मेहुणीच्या झोक्याला धक्के द्यायला गेलो. सासूबाई ओसरीवर घागरीशेजारी बसून होत्या, साडूवरची नजर न काढता. "एवढं शेवटलं ऐकू द्या मले," त्या मधूनच म्हणत. त्यांना भूक लागली होती की नाही, कोण जाणे.

अखेर चूक सापडली. तो कोड म्हणे माहितीचे सारखे तुकडे पाडून एकेक उघडत जातो. शेवटचा तुकडा, म्हणजे इथे खोकल्यापासून पुढचा, अपुरा असू शकतो, पण एका ओळीत तोही पुराच आहे असं धरलं होतं. त्यामुळे गोष्ट संपली तरी कोड पुढचं वाचायला जायचा. पुढे जागा असली तर निभावून जायचं. या गोष्टीच्या पुढे जागाच नव्हती.

"कोन शहान्याने लिखेल शे हाई?" मी भुकेने कावून विचारलं.

"मीच!" साडू म्हणाला. स्वतःची चूक सापडल्याचा एवढा आनंद मी दुसऱ्या कोणाच्या तोंडावर पाहिलेला नाही. त्याने एक ओळ बदलली. उरलं असेल तेवढंच वाच, एवढाच तिचा अर्थ. पण त्यानंतर नवी सिस्टिम तयार व्हायला लॅपटॉपने इतका वेळ घेतला की निखारे पुन्हा पेटवावे लागले.

परत सगळे बसलो. सासरे खोकले. लॅपटॉप जिवंत. खोकला थांबला. "मंग मी तिले इचारं..." ते म्हणाले आणि अडखळले. "काय इचारं बरं?" मग तोंड दुसरीकडे वळवून मोठ्याने हाक मारल्यासारखं, "ऐकनं का वं? मी तुले काय इचारेल व्हतं?" थोडा वेळ नुसती पंख्याची घरघर. "कुठे गयी काय माहीत," ते पुटपुटले, आणि गोष्ट संपली.

आम्ही पोट धरून हसलो. एवढ्यासाठी आम्ही उपाशी बसलो होतो! हसू ओसरल्यावर लक्षात आलं, सासूबाई हसत नव्हत्या. "हाक मारी त्या दिन मी इहिरवर व्हतू," त्या म्हणाल्या. मग लॅपटॉपकडे बघून, सासऱ्यांशी नेहमी बोलत त्याच जरा चिडक्या आवाजात म्हणाल्या, "तुम्ही काहीच नही इचारं. मान खाले घाली बठेल व्हतात. मीच इचारं, पानी देऊ का म्हनीसन." आणि उठून आगारी टाकायला गेल्या. साडू चष्मा पुसत राहिला.

अशी दुरुस्ती जगाकडे पाठवताना चूक कोणाची आणि ती कळवली कोणी, हे लिहायची त्या लोकांत रीत आहे. पहिल्या ठिकाणी साडूने मोठ्या अभिमानाने स्वतःचं नाव घातलं. दुसऱ्या ठिकाणी सासूबाईंचं पूर्ण नाव घालू का, म्हणून त्यांना विचारलं. "जगभर जाई, मामी." त्यांनी विचारलं, "त्यास्नं बी येस ना त्यामा, मधमा?" साडू म्हणाला, येतं. "मंग टाका," त्या म्हणाल्या.

तो लॅपटॉप साडूने त्यांच्याकडेच ठेवला आहे. त्याला एकही कुलूप नाही, पासवर्ड नाही. झाकण उघडलं की गोष्ट समोर. "आरे, कोनी ऐकी लिन्हं तं?" मी मुद्दाम डिवचलं. "ऐकू द्या," तो म्हणाला. मला त्याच्याबद्दल इतकी माया कधी वाटली नव्हती.

दुपारची कामं आटोपली की सासूबाई ती गोष्ट लावतात. शेवटच्या प्रश्नाला आता काय उत्तर देतात ते कोणालाच माहीत नाही, कारण त्या वेळी त्या खोलीचं दार लावून घेतात. आम्ही तिकडे गेलेले असलो तर साडू ओसरीवर त्या दाराला पाठ लावून बसतो, आणि कोणी आत जायला निघालं की हात आडवा करतो.