वायरमनबाईचा नववीतला तास

सगळे तिला वायरमनबाईच म्हणत. वीस वर्षं खांबावर चढउतार केलेली बाई ती. अकरा हजार व्होल्टच्या तारेजवळ जी कधी डगमगली नाही, तिला नववीच्या वर्गाने मात्र घाम फोडला.

झालं असं, की शाळेच्या मैदानाला लागूनच विजेची डीपी, कुंपणातला ट्रान्सफॉर्मर. बॉल आत गेला की पोरं बिनधास्त कुंपणावरून उडी मारायची. हिने ते दोनदा डोळ्यांनी पाहिलं होतं. एक दिवस एखादं लेकरू आतच राहायचं, हा विचार तिला सोडेना. साहेबांच्या मागे लागून तिने वर्गात बोलायची परवानगी काढली आणि तिथे नको ती अक्कल पाजळली. पोरांना आपलंसं वाटावं म्हणून मोबाइलवर बघून बघून त्यांची भाषा घोकून गेली.

"काय भावांनो, सीन काय आहे?"

वर्ग खो खो हसला. त्याच वर्गात तिची लेक. तिने जी मान खाली घातली, ती तास संपेपर्यंत वर केली नाही. आणि दुसऱ्याच दिवशी बॉलमागे तीन पोरं पुन्हा आत.

"घरी बोलतेस का तू अशी?" जेवताना लेक फणकारली. "मग तिथे सोंग कशाला? तू कामावर हेल्परशी बोलतेस ना, तशी बोल."

जिव्हारी लागलं, पण पटलंही.

पुढच्या आठवड्यात ती ड्युटीच्या कपड्यांतच गेली. नमस्कार-चमत्कार काही नाही. हातमोजे टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "खांबावर चढायच्या आधी आम्ही एकमेकांना विचारतो. लाइन बंद? बंद. तपासली? तपासली. मी नवीन होते तेव्हा एकदा न तपासताच 'तपासली' म्हणाले. आळस, दुसरं काही नाही. जोडीदार वर होता, त्याला शॉक बसला. जगला, पण उजवा हात गेला. अजूनही तो मला ताई म्हणतो. मला त्याच्याकडे बघवत नाही."

आवाज चढवला नाही की उपदेश केला नाही. मागच्या आठवड्यात उडी मारणाऱ्यांपैकी एक टग्या मागच्या बाकावर होता. त्याने हळूच विचारलं, "मावशी, डीपीत कशाला हात नाही लावला तरी शॉक बसतो?"

"तरी. नुसतं जवळ जाणंही पुरतं."

"मग बॉल?"

"मला फोन कर. मी काढून देईन. ओरडणार नाही." तिने फळ्यावर नंबर लिहिला.

चौथ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. ती पोहोचली तर सगळी टीम कुंपणापासून वीस पावलं लांब. टग्या दोन्ही हात पसरून बारक्या पोरांना अडवत होता. "मागे. मावशी येईपर्यंत कोणी हलायचं नाही," तो सांगत होता, अजिबात न ओरडता. आणि पोरं ऐकत होती!

वायरमनबाई कुंपणाकडे वळली. तिने लाइन बंद केली, तपासली, बॉल काढून बाहेर फेकला. मैदानात एकच जल्लोष झाला. त्या गलक्यात तिची लेक मैत्रिणीला सांगत होती, साऱ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात, "माझी आई आहे ती."