आरे-वारेची खारी विहीर

रत्नागिरी मागे टाकून आम्ही आरे-वारेच्या रस्त्याला लागलो तेव्हा सडा (जांभ्याचं उघडं पठार) उन्हानं तापला होता. माझा वर्गमित्र सुहास सरकारी भूजल खात्यात आहे. ठरलेल्या विहिरींचं पाणी मोजत तो जिल्हाभर हिंडतो. मी पुण्याहून चार दिवसांसाठी आलो होतो, म्हणून त्याच्या स्कूटरवर मागे बसलो.

पहिली विहीर मालतीकाकूंच्या आगरात (नारळ-पोफळीच्या बागेत) होती. झावळ्या टोकांपासून करपलेल्या. सुहासनं टेप आत सोडली. पाणी चांगलं वर होतं.

"मोजताय काय? चाखून बघा," काकू म्हणाल्या.

मी ओंजळभर तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. खारट!

काकूंनी कुंपणापलीकडच्या बंद लॉजकडे हात केला. "ते आमच्या प्रकाशचं. माझाच मुलगा. सगळी वाडी या विहिरीचं पाणी प्यायची, नि त्याने पलीकडेच बोअर मारलीन. दिवसरात्र पंप. गोडं पाणी उपसलंन, तसा समुद्र आत आला."

"पिण्याच्या विहिरीशेजारी बोअर मारायला कायद्यानं बंदी आहे," सुहास मला म्हणाला. "पण तक्रार आली तरच कळतं. इथे आली."

"मग तक्रार कोणी केली?"

"मीच," काकू म्हणाल्या. "बायका रिकामे हंडे घेऊन दारात उभ्या राहायच्या हो. काय सांगू त्यांना?"

बोअरला सील लागलं. प्रकाश लॉजला कुलूप घालून बायकोमुलांसह मुंबईला गेला. गणपतीलाही आला नाही.

काकूंनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. भात आणि कुळथाची पिठी. प्यायला टेकडीवरच्या झऱ्याचं पाणी होतं, तेही पेला अर्धा भरून. "स्वयंपाकाला विहिरीचंच घेते. मीठ घालावं लागत नाही," त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत.

निघताना त्यांनी सुहासला विचारलं, "गोडं होईल ना परत?"

"काही पावसाळे जावे लागतील, काकू. नक्की नाही सांगता येत."

"मुलगा गेला, नि पाणीही नाही आलं," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तुमच्याकडे बरं असेल पाण्याचं?"

"नळ आहे," मी म्हणालो.

पुण्याला परतलो तरी ते उत्तर सलत राहिलं. आमच्या सोसायटीच्या दोन बोअर आटल्या तेव्हा तिसरी मारायच्या ठरावावर अध्यक्ष म्हणून माझी सही होती. त्याच उन्हाळ्यात खालच्या वस्तीची विहीर कोरडी पडली. ते सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या घरातलं कोणीही माझ्याविरुद्ध अर्ज घेऊन गेलं नाही.