शहराकडची बाजू

तिला सगळे भिंगरीच म्हणायचे. लहानपणापासून तिचं बूड कधी एका जागी टेकलंच नाही. त्यामुळे धक्क्यावरच्या जुन्या कमानीची गाईड होणं तिच्या पथ्यावरच पडलं. दिवसभर पाहुण्यांना फिरवायचं आणि गोष्ट सांगायची: परक्यांच्या राज्यात, बड्या लाटसाहेबाच्या स्वागतासाठी ही कमान बांधायला घेतली, साहेब उतरला तेव्हा इथे नुसते बांबू आणि रंगवलेलं कापड होतं, दगडी कमान पुरी होईपर्यंत तो मायदेशी परतलासुद्धा. लोक खो खो हसत.

मग दुरुस्तीसाठी कमानीला परांची बांधली आणि भिंगरीला चौकशीच्या खिडकीत खुर्ची मिळाली. तिला काही चैन पडेना. घरी आली की कपाटं हलवायची. शिंपीकाम करणारा नवरा वैतागून म्हणायचा, "अगं, बस की जरा! मशीनसुद्धा मध्ये थांबतं."

शेवटी तिने दुरुस्तीवरच्या इंजिनिअरबाईंचा पिच्छा पुरवला. "एकदा वर नेता का? जन्म गेला खालून बोट दाखवण्यात."

हेल्मेट घालून, शिडी घट्ट धरून ती वर गेली. समुद्राकडच्या बाजूला घुमटापर्यंत वेलबुट्टी, जाळ्या, कमळं. मग वळसा घालून ती शहराकडच्या बाजूला आली. रुंद सज्ज्याच्या वर, खालून दिसतच नाही तिथे, नुसते ओबडधोबड दगड. छिन्नीसुद्धा लागली नव्हती.

"हे अर्धवट का राहिलं?"

"अर्धवट नाही, नकाशातच असं आहे," इंजिनिअरबाई म्हणाल्या. "साहेब बोटीतून येणार होता. इकडून बघणार कोण? इथलेच लोक."

भिंगरी खाली उतरली ती डोक्यात किडा घेऊनच. आपले आजे-पणजे याच बाजूने बघत उभे राहिले असतील, आणि आपण मात्र वर्षानुवर्षं सांगतोय, 'चारही बाजूंनी सारखीच सुंदर!'

कमान पुन्हा उघडली. भिंगरीने पाहुण्यांना आधी शहराकडे नेलं आणि वरचे दगड कसे आहेत ते सांगितलं. कचेरीतल्या साहेबांनी तिला बोलावून घेतलं. "बाई, लोक सहलीला येतात. कशाला त्यांच्या तोंडाची चव घालवता? जमत नसेल तर खुर्ची आहेच."

"खुर्ची तुम्हालाच लखलाभ," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

आता ती स्वतःच फेऱ्या काढते. पहिल्या फेरीला नवरा, त्याच्या दुकानातले दोन कारागीर आणि चुकून मागे लागलेली एक म्हातारी, एवढेच आले. वरच्या दगडांचं ऐकून म्हातारीने मान वर करून बराच वेळ बघितलं.

"आमच्याकडे पाठच केली की मेल्यांनी!" ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात ती सुनेला घेऊन आली. भिंगरी अजूनही रात्री कूस बदलत असते. गोदीकडच्या जुन्या घड्याळाच्या मनोऱ्याला मागून जिना आहे म्हणे, त्यावर चढायची परवानगी कोण देईल?