साडीचोळीचे पैसे

ती केस आठवली की आजही आधी तुपात फुलणाऱ्या डिंकाचा वास येतो. बाकीचं नंतर.

न्यू जर्सीत तेवीस वर्षं पोलिसात काढली. शेवटची सहा सरकारी मदतीतल्या फसवणुकीच्या तपासावर. एक दिवस टेबलावर निनावी पत्र आलं. पत्र इंग्रजीत होतं, राग अस्सल मराठी. एडिसनमधली एक सत्तरीची विधवा गरीब म्हणून सरकारी भत्ता आणि फुकट औषधोपचार घेते आणि घरात पैसे घेऊन बाळंतपणं करते, असा आरोप होता.

तीन महिने अधूनमधून नजर ठेवली. दोन खोल्यांचं अपार्टमेंट, जिन्यापर्यंत तुपात डिंक तळल्याचा वास. एक मुलगी तान्हं बाळ घेऊन बाहेर पडली की दुसरी यायची. तिथे राहून गेलेल्या दोघींना गाठलं. दोघींच्या आयांना व्हिसा मिळाला नव्हता.

"मावशींनी एक डॉलर घेतला नाही, आय स्वेअर," एक म्हणाली. "उलट निघताना मलाच साडी दिली."

म्हणजे धंदा नव्हता. पैसे घेत नसेल तर खर्चाला आणते कुठून? कोर्टामार्फत बँकांचे कागद मागवले. शेजारच्या गावातल्या बँकेत तिचं वेगळं खातं निघालं. भारतातून एकदाच मोठी रक्कम आलेली, हळूहळू संपत आलेली.

तिला चौकशीला बोलावलं, तिचे हक्क वाचून दाखवले. वकील नको म्हणाली. माझ्या शेजारी मराठीचा गंध नसलेला सहकारी होता.

"मावशी, वारसाहक्काने काही मिळालं का, या मदतीच्या अर्जातल्या प्रश्नापुढे तुम्ही 'नाही' लिहिलंय."

"नाहीच मिळालं." तिने पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढे सरकवला. हक्कसोडपत्र. "वडिलांच्या जमिनीत माझा काही हक्क नाही, असं सही करून दिलंय मी. आणि तू म्हणतेस वारसा?"

"मग हे पैसे कसले?"

"साडीचोळीचे. सही केल्यावर भावाने पाठवले."

सहकाऱ्याला इंग्रजीत सांगितलं. तो आकड्याकडे बघत म्हणाला, "एवढ्या साड्या?"

मी हसले नाही. ज्याला नियम माहीत नसतो तो लपवत नाही, हे मी नोकरीत शिकले होते.

"मग खातं दुसऱ्या गावात का उघडलंत?"

तिने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला.

"कळवलं असतं तर मदतीच्या ऑफिसातले म्हणाले असते, आधी हे संपवा, मग मदत मागा. औषधांतच गेलं असतं सगळं. सही केल्यापासून भावाचा फोन नाही. माहेर म्हणून एवढंच उरलं होतं गं. ते गोळ्यांवर घालवू?"

ही कबुली होती. नोंदवून घेतली.

"आत्ता घरी एकोणीस दिवसांची बाळंतीण आहे," ती म्हणाली. "तिचा सव्वा महिना होऊ दे. मग काय करायचं ते कर." आणि उठता उठता, "तुझं माहेर कुठलं?"

"प्रश्न मी विचारते, मावशी."

आई गेल्यावर आम्ही बहीणभावाने तिचं घर विकलं, निम्मंनिम्मं केलं. वकिलाकडे चाळीस मिनिटं लागली. साडीचोळीचं नाव कुणी काढलं नाही.

अहवालाला तीन आठवड्यांची मुदत असते. एरवी मी चार दिवसांत देत असे. या वेळी तीन आठवडे घेतले.

खटला झाला नाही. मदत बंद, घेतलेली हप्त्यांनी परत, असा आदेश निघाला. तो द्यायला मी स्वतः गेले. आतली खोली रिकामी होती. पोच म्हणून तिने लगेच सही केली. "सह्या करायची सवय आहे मला," म्हणाली.

मी वळले तेवढ्यात ती नारळ, तांदूळ आणि खण घेऊन आली. "ओटी भरते. विधवेच्या हातची चालते ना?"

"तसं नाही, मावशी. ज्यांची चौकशी केली त्यांच्याकडून काही घेता येत नाही. नियम आहे."

तिने नारळ ओट्यावर परत ठेवला. माझं म्हणणं तिला पटलं नव्हतं, हे नोकरीभर चेहरे वाचत आलेल्या बाईला कुणी सांगायला नको होतं.

त्यानंतर आपल्या बायकांना मी वारशाबद्दल विचारलं नाही. 'माहेरून काय आलं?' असं विचारायची. खरी उत्तरं मिळायची. त्या दिवशीचा नियमही बरोबर होता आणि माझं वागणंही.

आता निवृत्त आहे. कुणाकडून काय घ्यावं यावर कसलाही निर्बंध नाही. ओटी भरू का, असं मात्र त्यानंतर कुणी विचारलेलं नाही.