उपरण्याखालचा सौदा

ती गेली त्याला आता वर्ष होईल. परवा तिची ट्रंक उघडली, तर माझे सतरा अडकित्ते तिच्या जुन्या लुगड्यात नीट गुंडाळून ठेवलेले सापडले. मी जन्मात सुपारी खाल्ली नाही, पण जुने अडकित्ते जमवायचा नाद होता. ती म्हणायची, "अहो, दात आहेत तोवर एकदा तरी सुपारी खा, म्हणजे लोकांना काहीतरी सांगता येईल."

सतरावा अडकित्ता युद्धाच्या दिवसांतला. मी तेव्हा भिंगारला शाळामास्तर होतो. दिवाळीत तिच्या माहेरी शेवगावला गेलो असता बैलबाजारात एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याच्या हातात तो दिसला. पितळी घोडा, वर स्वार. दांडे मिटले की स्वार मान लववी. मला तो हवाच होता.

"दोन रुपयांच्या वर जायचं नाही," तिने बजावले आणि ती बांगडीवाल्याच्या पालाशी जाऊन उभी राहिली. तिथून तिला आम्ही दिसत होतो.

मी भाव विचारला. म्हातारा म्हणाला, "मास्तर, आमी तोंडानं भाव करत न्हाई. उपरन्याखाली हात घाला."

बैलांचा सौदा असा बोटे धरून होतो, हे ऐकून माहीत होते. कुठले बोट किती, हे मात्र मी वाचलेल्या एकाही पुस्तकात नव्हते. त्याने उपरणे पसरले आणि आत माझी दोन बोटे दाबली. मला वाटले, आधी रामराम चालला आहे. आदल्याच महिन्यात शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी माझ्याशी हस्तांदोलन केले होते. मी तसाच त्याचा सबंध पंजा धरला आणि चांगला तीनदा हलवला.

म्हातारा थबकला. "पक्कं?"

"पक्कं."

तो माझ्या कानाशी वाकला. "लई दिलदार हाय तुमी! मी दोन मागितलं, तुमी पंजा धरला. काढा पाच."

बाजारात सौदा मोडला असता, तर गावात सासऱ्यांची मान खाली गेली असती. चपलांसाठी ठेवलेले पैसे काढून दिले. तेवढ्यात ती आली.

"काका, केवढ्याला दिलात?"

"लेकी, उपरन्याखालचं उपरन्याखालीच ऱ्हातं."

वाटेत मी तिला सांगितले, "दीड रुपया."

त्या दीड रुपयाने माझे वाटोळे केले. "आमच्या ह्यांनी बैलबाजारात भाव पाडला!" हे तिने आळीभर सांगितले, आणि वांग्यांपासून घागरीपर्यंत प्रत्येक खरेदीला मलाच पुढे केले. मी गुपचूप पदरचे घालून भाव पाडत राहिलो. जुन्या चपला शिवून शिवून दोन पावसाळे काढले.

तिच्या शेवटच्या दुखण्यात एका दुपारी मी उशाशी बसलो होतो. तिने रजईखाली माझा हात चाचपला, सबंध पंजा धरला आणि तीनदा हलवला. दम नव्हता, तरी मोजून तीनदा.

"अहो, मी बैलवाल्यांच्या घरातली. दीड रुपयाला उपरणं एवढं हलतं होय?"

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या थाटात सांगितलंत! आणि वांगी स्वस्त मिळत होती." ती हसली, खोकली. हात काही सोडला नाही. "चपला घ्या आता."

ती गेल्यावर घेतल्या. दुकानदाराने सांगितला तोच भाव दिला.